बदललं तरी वरून परत येतं

सोमवार, ३ तारीख

पहिल्या पानावर काहीतरी छान लिहायचं असं ठरवलं होतं. पण डोकं असं तापलंय की वर आधण ठेवलं तर उकळेल.

ही डायरी भिंगरीने दिली. भिंगरी म्हणजे माझी नात. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण चालायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून भिंगरी. डायरी तिच्या कंपनीची, वर लिफ्टचं चित्र. कुणाची लिफ्ट बिघडली की लोक यांना फोन करतात आणि हे ऑफिसातून मेकॅनिक पाठवतात, असं ते काम. "आजी, दिवसभर बोलतेस ते यात लिही, आमचे कान थोडे सुटतील," म्हणाली. चहाटळ कुठली! मी चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर माझं माझ्या मुलापेक्षा बरं, हे त्यालाही कबूल आहे. आणि खरं सांगू? लिहायला बसले आणि मजाच वाटायला लागली. मधे कुणी बोलत नाही, "हे सांगून झालंय" म्हणत नाही.

तर राग कशाचा. भिंगरी त्या ऑफिसातले सगळे कम्प्युटर सांभाळते. गेल्या आठवड्यात त्यांचं ऑफिस तळमजल्यावरून वरच्या हॉलमध्ये नेलं. पोरीने टेबलाखाली रांगून सगळ्या तारा स्वतः जोडल्या. गुडघे खरचटले, मीच मलम लावलं. आणि आज सकाळी सगळे कम्प्युटर अंगात आल्यासारखे वागायला लागले. दोन मिनिटं हात लावला नाही की पडदा बंद. मग पुन्हा पासवर्ड घाला, पुन्हा पहिल्यापासून. प्रिंटर गायब. पडद्यावर लिफ्टचं भलंमोठं चित्र, ते हटत नाही. आणि संध्याकाळी बंद करून पुन्हा लावलं तर दिवसभराचं साठवलेलं पुसून साफ.

तिचे साहेब आहेत, त्यांना मी इस्त्रीसाहेब म्हणते, कारण त्यांची घडी कधी मोडत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तारा जोडल्या कुणी?" पोरगी अजून कच्च्या नोकरीवर आहे. महिनाअखेरीला हेच साहेब लिहिणार, पक्की करायची की घरी पाठवायची. म्हणजे बघा!

सुनेने चहाचा डबा आज पुन्हा खालच्या फळीवर ठेवला होता. मी उचलून वर ठेवला. माझ्या सासूबाईंपासून या घरात चहा-साखर वरच्या फळीवर. घडी ती घडी.

मंगळवार, ४ तारीख

भिंगरी सकाळी लवकर गेली, एकेका कम्प्युटरपाशी बसून सगळं जागेवर आणलं. मला फोन केला, "आजी, झालं!" मी आनंदाने शेजारणीला सांगून आले.

दुपारी चहाच्या वेळेला सगळं पुन्हा जसंच्या तसं. लिफ्टचं चित्र, पडदा बंद, प्रिंटर गुल.

संध्याकाळी मी म्हटलं, "अगं, नीट घट्ट बसवलं नसशील."

"आजी, ते झाकण आहे का घट्ट बसवायला?" मग शांत होऊन तिने मला समजावलं. ते कम्प्युटर म्हणे स्वतःच्या मर्जीचे नसतात. मुख्य ऑफिस दुसऱ्या गावात आहे, तिथे एक माणूस बसतो. पडदा कधी बंद व्हावा, चित्र कुठलं लागावं, सगळे नियम तो ठरवतो. आणि प्रत्येक कम्प्युटर थोड्या थोड्या वेळाने त्याला विचारतो, माझ्यासाठी काय हुकूम? इथे कुणी काही बदललं असेल तर वरच्या हुकमाप्रमाणे तो परत करून टाकतो.

"न विचारता?"

"न विचारता. कुणी बदललं, का बदललं, काही नाही."

ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो तिथे बसून काम करतो त्याला विचारायचं नाही, आणि लांब बसून हुकूम सोडायचे! असल्या माणसाला मी एक दिवस घरात खपवून घेतलं नसतं. सुनेला म्हटलं, "ऐकलंस का?" ती भांडी घासत होती. म्हणाली, "ऐकतेय, आई."

गुरुवार, ६ तारीख

काल लिहिलं नाही. दाढ ठणकत होती. दाढेचं वेगळं पान लिहावं लागेल, एवढं तिचं रामायण आहे.

आज भिंगरीने त्या मुख्य ऑफिसातल्या माणसाला फोन लावला. त्याचं नाव मी वरचा ठेवलंय. तो म्हणाला, "आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय." म्हणजे त्याच्या पडद्यावर हिरवा दिवा, सगळं उत्तम! ताप आलेल्या पोराला बापाने फोनवरून सांगावं, तू बरा आहेस.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, इथे फोन घेणाऱ्या मुलींचा पडदा बोलता बोलता बंद होतो. तर म्हणाले, सुरक्षेसाठी चांगलंच आहे."

इस्त्रीसाहेबांनी जखमेवर मीठ चोळलं. "जुन्या जागेत सगळं ठीक होतं. नव्या जागेत तुम्ही आणलंत." पोरगी जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं आणि त्या दोघांच्या नावाने बोटं मोडली. कडकड वाजली. सांधेदुखीचा हा एक फायदा.

सून सकाळी स्टुलावर चढून चहाचा डबा काढत होती, तर स्टूल डगमगलं. उंचीने बुटकी, हात पुरत नाही. मी म्हटलं, सांभाळून गं, तेवढाच व्यायाम. तिला औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं असतं, सकाळी तिची घाई असते हे मलाही कळतं. पण घाईत माणूस घडी मोडतो, आणि मोडलेली घडी निस्तरायला घरात मी असते.

शुक्रवार, ७ तारीख

भिंगरी रोज सकाळी नीट करते, रोज दुपारी बिघडतं. समुद्राच्या काठी बसून रांगोळी काढल्यासारखं. मी म्हटलं, सोड ही नोकरी. तर माझ्यावरच ओरडली. नोकरी गेली तर सगळ्या गावाला वाटेल की हिलाच येत नव्हतं, म्हणाली. बरोबर आहे तिचं. माझंच रक्त.

सोमवार, १० तारीख

आज जे झालं ते लिहिते. राग अजून उतरलेला नाही.

भाजी घेऊन येत होते. लिफ्टमध्ये शिरले, दार लागलं, आणि मधेच गचका बसून लिफ्ट थांबली. दिवा गेला. पिशवीतून बटाटे सुटले आणि अंधारात माझ्या पायांभोवती फिरायला लागले. आमची लिफ्ट भिंगरीच्याच कंपनीकडे आहे. आतलं लाल बटण दाबलं की थेट तिच्या ऑफिसात फोन लागतो. दाबलं.

एका बारीक आवाजाच्या मुलीने उचलला. मोठी गोड मुलगी. "घाबरू नका, आजी. इमारत कुठली?" मी सांगितलं. "आत आणखी कुणी आहे?" मी म्हटलं, बटाटे आहेत. हसली बिचारी. "श्वास घ्यायला त्रास होतोय का? शांत उभ्या रहा, भिंतीला टेका," असे दोन शब्द धीराचे बोलली, आणि मग एकदम म्हणाली, "अगं बाई, बंद झालं. आजी, एक मिनिट हं." टकटक टकटक. "इमारत कुठली म्हणालात?"

पुन्हा सांगितलं. तिने जवळचा मेकॅनिक शोधला, त्याला दुसऱ्या फोनवरून विचारलं, तेवढ्यात, "आजी, थांबा हं, परत बंद झालं." आणि पुन्हा, इमारत कुठली!

तिसऱ्या वेळेला माझा तोल गेला. त्या पोरीवर नाही, ती तर रडकुंडीला आली होती. त्या वरच्यावर. काय काय बोलले सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतंय. म्हटलं, "अगं, जिचा हात पोचत नाही तिचा डबा वरच्या फळीवर ठेवतो कोण? काम तिने करायचं आणि जागा यांनी ठरवायची? विचारा म्हणावं आधी तिला, मेल्यांनो, आणि मग ठेवा!" बोलल्यावर अंधारातसुद्धा मोकळं वाटलं.

मेकॅनिक आला, दार उघडलं. बटाटे त्यानेच गोळा करून दिले. घरी येऊन चहा करावा म्हटलं तर डबा खालच्या फळीवर! तशा अवस्थेत आधी डबा वर ठेवला, मग चहा केला.

बुधवार, १२ तारीख

भिंगरी चष्मा घरी विसरून गेली. मला निमित्तच हवं होतं. चष्मा घेतला, चांगली साडी नेसले आणि निघाले तिच्या ऑफिसात. मनात इस्त्रीसाहेबांना ऐकवायची चार वाक्यं जुळवून ठेवली होती.

वरचा हॉल बघितला. नुसता झगमगाट. पूर्वी तिथे गिऱ्हाइकांना लिफ्टचे नमुने दाखवायचे म्हणे. भिंतीत लिफ्टचं खरंखुरं दार बसवलंय, बटण दाबलं की उघडतं आणि आत सरळ भिंत! मी तीनदा दाबून बघितलं. आणि गारठा एवढा की दात वाजावेत. पोरी टेबलाशी बसून फोन घेतायत, एका हाताने लिहितायत आणि दुसऱ्या हाताने उगीच कम्प्युटरचा उंदीर हलवत बसल्यात, पडदा झोपू नये म्हणून. पाळणा हलवतात तसा.

इस्त्रीसाहेब भेटले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आजी, तुमची नात हुशार आहे हो, पण अनुभव कमी." असं गोड बोलले की चार वाक्यांऐवजी चष्माच त्यांच्या हातात ठेवला. गोड बोलणाऱ्याशी भांडायची मला सवय नाही. आमच्या घरात सगळे तोंडावर बोलतात, निदान मी तरी.

रागारागाने जिना उतरले, लिफ्टचा भरवसा नाही. खाली जुन्या ऑफिसात दार उघडं दिसलं. तिथे एक बाई एकटीच बसलेली, अंगात जाडजूड स्वेटर. वरचा गारठा सोसेना म्हणून आपलं टेबल आणि कम्प्युटर घेऊन खाली उतरली म्हणे. बोलकी आहे, माझ्या जातकुळीची. तिच्या जावयाचं पोट, माझी दाढ, सगळं बोलून झालं. दोन कप चहा झाला. मग घरी आले.

संध्याकाळी जेवताना मी भिंगरीला म्हटलं, "तुमच्यात वशिला चालतो. त्या स्वेटरवालीला मात्र कुणी त्रास देत नाही. मी केवढा वेळ बसले, तिने कम्प्युटरला बोटसुद्धा लावलं नाही, पण पडदा बंद झाला म्हणून नाव नाही. चांगला फुलांचा फोटो लावून बसलीय. कुणीतरी वरचं तिच्या ओळखीचं असणार."

भिंगरीचा घास हातातच राहिला. "फुलांचा फोटो? लिफ्टचं चित्र नाही?"

"फुलांचा. पिवळी फुलं."

"आजी, तिचा कम्प्युटर तळमजल्यावरच्या तारेला जोडलाय!"

"मग? कुठल्या तरी तारेला जोडणारच ना."

ती अर्ध्या जेवणावरून उठली आणि माझ्या गालाचा मुका घेतला. आमटीचा हात माझ्या पदराला. काय झालं ते कुणी सांगेना. सून म्हणाली, "आई, तुम्ही काहीतरी मोठं काम केलंत बहुतेक." तिच्या तोंडून कौतुक म्हणजे! पण पदर मलाच धुवावा लागला.

गुरुवार, १३ तारीख

कळलं. आज भिंगरीने वरच्या हॉलमधला एक कम्प्युटर उचलून खाली नेला, स्वेटरवालीच्या शेजारी जोडला. सुरू केला, आणि शहाण्यासारखा वागायला लागला. प्रिंटरसुद्धा सापडला. परत वर नेला की परत वेडा.

म्हणजे भानगड अशी. वरच्या हॉलमध्ये पूर्वी येणारेजाणारे लोक कम्प्युटरवर हात मारायचे, म्हणून वरच्याने त्या हॉलच्या तारांना पाहुण्यांचा नियम लावून ठेवला होता. पाहुणा उठला की पडदा बंद, संध्याकाळी सगळं पुसायचं, प्रिंटर द्यायचा नाही. आता तिथे घरची माणसं बसायला आली, तरी नियम पाहुण्यांचाच! समोर कोण बसलंय ते तो बघतच नाही, खोली बघतो.

"मी आठवडाभर एकेक कम्प्युटर नीट करत बसले, तीच माझी चूक," भिंगरी म्हणाली. "हुकूम जिथून येतो तिथेच बदलला पाहिजे."

सून एकदम म्हणाली, "आणि हुकूम देणाराच ऐकत नसेल तर?"

"तर त्याला ऐकवायचं," मी म्हटलं. "घाबरायचं कशाला?"

 सून ओटा पुसायला लागली. तो आधीच स्वच्छ होता.

सोमवार, १७ तारीख

माझा राग आता लिहून संपणारा नाही, पण लिहिते.

भिंगरीने सगळं वरच्याला कळवलं. त्याचं उत्तर, "तो हॉल पाहुण्यांचा आहे. नियम बरोबर आहे. तुम्ही टेबलं हलवा." अरे बाबा, नियम हलवायला एक बोट, टेबलं हलवायला बारा हमाल! आणि इस्त्रीसाहेब काय म्हणाले असतील? "वर वाद नको. तुमच्या अहवालात चांगलं दिसणार नाही." हे धमकीसुद्धा इस्त्री करून देतात.

परवा सगळ्यांची बैठक आहे. वरचा आणि त्याचे वरिष्ठ पडद्यावर येणार. भिंगरी माझ्याशेजारी येऊन बसली, माझी बोटं चोळत. काहीतरी मागायचं असलं की ती बोटं चोळते.

"आजी, तू लिफ्टमधून फोन केलास ना, तो आमच्याकडे टेप होतो. सगळेच होतात. तो बैठकीत लावू का? तुझी परवानगी हवी."

"शिव्यांसकट?"

"शिव्यांसकट."

"लाव! आवाज मोठा ठेव."

मग मला जरा काळजी वाटली. म्हटलं, "अगं, याच्याने तुझी नोकरी गेली तर?" ती म्हणाली, "गप्प बसून गेली तर जास्त वाईट वाटेल."

बुधवार, १९ तारीख

लावला! माझा आवाज दुसऱ्या गावात, मोठमोठ्या साहेबांच्या खोलीत घुमला. आनंदाने मला दुपारची झोप लागली नाही.

भिंगरी सांगत होती, आधी सगळे हसले, बटाट्यांपाशी. मग ती बारीक आवाजाची मुलगी पहिल्यांदा "बंद झालं" म्हणाली तेव्हा कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा तर ती रडकुंडीला आलेली. आणि मग माझी तोफ. ती संपल्यावर सगळ्यात मोठ्या साहेबांनी वरच्याला विचारलं, "त्या हॉलमध्ये कोण बसतं हे तुम्ही विचारलं होतंत?" तो म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही." भिंगरी म्हणाली, "सर, मी चार वेळा सांगितलं. तुमच्याकडे सगळं हिरवं होतं."

तिथल्या तिथे नियम काढला. जेवणाच्या सुट्टीनंतर पोरींनी उंदरांचे पाळणे हलवणं बंद केलं.

संध्याकाळी भिंगरीने तो टेप घरात लावला. मुलगा पेपर खाली ठेवून ऐकत होता, हे विशेष. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी. "जिचा हात पोचत नाही तिचा डबा वरच्या फळीवर ठेवतो कोण" आलं आणि ती जी हसायला लागली! भिंतीला धरून, डोळे पुसत, पार खाली बसली. मी म्हटलं, अगं, एवढं काय विनोदी आहे त्यात? माणूस लिफ्टमध्ये अडकलाय! तर म्हणाली, "भिंगे, पुन्हा लाव. तेवढंच." भिंगरीने पुन्हा लावलं. मुलानेही पेपर तोंडापुढे धरला, पेपर हलत होता.

या घरात कशाला हसतील सांगता येत नाही. मला राग आला, मी जाऊन झोपले.

शुक्रवार, २८ तारीख

भिंगरी पक्की झाली! साखर वाटली, पेढा-बिढा आणायला धीर कुणाला होता. पण इस्त्रीसाहेबांनी अहवालात काय लिहावं? "माझ्या मार्गदर्शनाखाली दोष शोधला." मार्गदर्शन! मी त्यांना भेटायला परत जाणार होते, भिंगरीने हात जोडले.

वरच्याचाही फोन आला होता. तरणाबांड आवाज, मी म्हातारा समजत होते. "आजी, सॉरी. यापुढे आधी विचारीन." मी म्हटलं, "विचार रे बाबा. विचारायला काय पैसे पडतात?" सून शेजारीच उभी होती. तिला एकदम खोकला आला.

रविवार, ३० तारीख

आज लिहिण्यासारखं विशेष काही नाही. दुपारी चहाची तल्लफ आली. वरच्या फळीवर हात घातला, तर डबा नाही. साखरही नाही. म्हणजे खालीच. उचलून वर ठेवणार होते, पण खाली वाकायचं तर गुडघा. एवढ्यासाठी कोण वाकणार?

म्हणून हाक मारली, "अगं, चहा कुठे ठेवलायस?"

 आत नळ वाहत होता तो बंद झाला. सून दारात आली, हात ओले. "काय म्हणालात, आई?"

"चहा कुठे ठेवलायस विचारलं. बहिरी झालीस का?"

तिने डबा काढून हातात दिला. मग स्वतःच आधण ठेवलं आणि ते रिकामं स्टूल माझ्याकडे सरकवलं. बसले. गुडघ्याला बरं वाटलं. स्टूल आता इथेच राहू दे म्हटलं, मला टेकायला होईल. ती बरं म्हणाली. आज साखर जरा जास्तच पडली होती चहात, पण मी काही बोलले नाही.

मिठाचं मात्र मी ऐकणार नाही. मीठ शेगडीच्या उजवीकडेच.